चौघांचं जेवण दोन हजाराच्या वर! बाहेर खाणं परवडतंय का तुम्हाला? (ठाणे-नवी मुंबई)

मानपाड्याचा_पक्या
मंडळी, रडगाणं म्हणून धागा काढलेला नाही, खरंच विचारायचंय. आम्ही घरात चौघं, दोन मोठे आणि दोन पोरं. पंजाबी-चायनीज मिळतं त्यातलंच साधं हॉटेल, घोडबंदर रोडला अशी ढिगानं आहेत. एक स्टार्टर, दोन भाज्या, रोट्या, एक बिर्याणी, पोरांना ते रंगीत पाणी ज्याला मॉकटेल म्हणतात, की झालं, बिल दोन हजाराच्या वर. पनीर बटर मसाला ३८०, बटर रोटी ६०. रोटीला ६०!! घरी ६० रुपयांच्या कणकेत अख्ख्या मजल्याच्या पोळ्या होतील.
तर प्रश्न असा की तुम्ही लोकांनी बाहेर खाणं कमी केलंय का, आणि केलं असेल तर घरी असं काय बनवता की पोरं "बाहेर जाऊया ना" म्हणत नाहीत? वरणभात आणि पोळीभाजी सांगू नका, ती रोजचीच आहे. माझं मत विचाराल तर हॉटेलवाले सरळसरळ लुटतायत. कुणाचं वेगळं मत असेल तर येऊद्या.

उगाचच
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. घरचे, कुकरमध्ये फोडलेले.

शुभदा_नौपाडा
कमी केलंय आणि मजेत आहोत. पंजाबी भाजीत सगळा खेळ ग्रेव्हीचा असतो. कांदा, टोमॅटो (टोमॅटो जास्त), मूठभर काजू, थोडी मगजबी, आलं-लसूण, दोन वेलच्या, काश्मिरी मिरच्या, सगळं थोड्या पाण्यात बटरच्या तुकड्यासकट शिजवायचं, गार झालं की मिक्सरमधून काढायचं आणि गाळायचं. गाळायचा कंटाळा केलात की मग "हॉटेलसारखी का नाही लागत" विचारू नका. लहान डब्यांत भरून फ्रीजरला टाकायचं. आयत्या वेळी बटरवर परता, कसुरी मेथी हातावर चुरडून घाला, किंचित साखर, वरून क्रीम. पनीर आधी गरम मिठाच्या पाण्यात सोडून ठेवायचं म्हणजे मऊ राहतं.
रोटीसाठी लोखंडी तवा हवा. लाटलेल्या रोटीला एका बाजूने पाणी फासायचं, ती बाजू कडक तापलेल्या तव्यावर चिकटवायची आणि फुगे आले की तवाच उलटा करून गॅसच्या जाळावर धरायचा. तंदूरचे डाग पडतात अगदी. नॉनस्टिकवर करू नका, रोटी चिकटत नाही, सरळ बर्नरवर पडते.

पीजीतला_बल्लव
शुभदाताई साष्टांग. मी ऐरोलीला पीजीत, इंडक्शनवर उलटा तवा कुठे धरू?

शुभदा_नौपाडा
तू मॅगी कर बाळा.

आमटीभात
उलटा तवा धरायला मनगट कुणाचं ते पण लिहा की. शनिवारी संध्याकाळी दमून आलेली बाईच ना? धाग्यात अजून एकाही पुरुषाने "मी करतो" लिहिलेलं नाही हे नोंदवून ठेवते आणि भाजी चिरायला जाते.

सीवूडकर
मी करतो. घरी रविवारची बिर्याणी माझ्याकडे असते. (भांडी बायकोकडे, हलकेच घ्या.)

आमटीभात
भांडी हाच तर स्वयंपाक असतो हो दादा. बिर्याणी म्हणजे कौतुक.

गल्ल्यावरचा
बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, "लुटतायत" वाचलं आणि पासवर्ड शोधून लॉगिन केलं. कोपरखैरण्यात छोटं हॉटेल आहे माझं, नाव सांगत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरातीला आला.
पक्याशेठ, पनीर बटर मसाल्यात कच्चा माल साधारण तिसऱ्या हिश्श्याचा असतो, हे कबूल. उरलेलं कुठे जातं ते ऐका. भाडं, ते दरवर्षी करारात लिहिल्याप्रमाणे वाढतंच. पोरांचे पगार, आणि नुसते पगार नाहीत, त्यांची राहायची खोली, दोन वेळचं जेवण, चहा, आजारपण. तंदूरवर बसणारा माणूस आज मिळत नाही, मिळाला तर होळीला गावी जातो आणि तिकडून फोन करतो की शेठ समोरच्याने दोन हजार जास्त दिलेत. गॅस आम्हाला १९ किलोचा घ्यावा लागतो, तुमचा १४.२ वाला वापरला तर गुन्हा आहे, आणि आमच्या सिलिंडरचा भाव साधारण दर महिन्याच्या १ तारखेला वरखाली होतो. तेलाचं सांगतो, सप्टेंबर २०२४ ला सरकारने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, रिफाइंडचं १२.५ वरून ३२.५. त्या आठवड्यात डब्याचा भाव विचारायला फोन करायची भीती वाटायची.
आणि सगळ्यात मोठं जे कुणी धरत नाही. सोमवार ते गुरुवार माझी अर्धी टेबलं रिकामी असतात. पंखा, एसी, पगार, भाडं मात्र सातही दिवस चालू. तुम्ही सगळे येणार शनिवार-रविवार रात्री साडेआठ ते दहा, त्यातच आठवड्याचं गणित बसवायचं. म्हणजे शनिवारच्या तुमच्या बिलात माझं सोमवारचं भाडं असतं, लपवायचं कशाला.

मानपाड्याचा_पक्या
शेठ, तेलावरचं शुल्क मे २०२५ ला कच्च्या तेलासाठी २० चं १० केलं होतं ना? मग मेन्यूतले भाव खाली आले का? फक्त विचारतोय :)

गल्ल्यावरचा
नाही आणले. खोटं बोलत नाही. तेल उतरलं तेव्हा पगार चढले होते. आणि एकदा लोकांनी २८० द्यायची सवय केली की २६० कुणी करत नाही, मीही नाही आणि समोरचाही नाही.

उगाचच
प्रामाणिक उत्तराला एक बटर रोटी बक्षीस. ६० रुपयांवाली.

हिशोबनीस
वर कुणी लिहिलं नाही पण ऑफिसात रोज ऐकतो म्हणून, "जीएसटीमुळे हॉटेलं महाग झाली" हे अर्धवट आहे. जुलै २०१७ ला एसी हॉटेलला १८ टक्के होता, बिगर एसीला १२. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक सगळ्यांना सरसकट ५ झाला. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर असतं तिथल्या रेस्टॉरंटला १८ आहे, ते सोडा. पण ५ टक्के देताना इनपुट क्रेडिट काढून घेतलं. म्हणजे गल्ल्यावरचा जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी भरत असेल तर तो त्याला वळता करून मिळत नाही, तो खर्चातच जातो, आणि तिथून तुमच्या रोटीत येतो. बिलावर दिसतो ५, आतला दिसत नाही.
दुसरं, अगदी लहान हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात (उलाढाल दीड कोटीपर्यंत), त्यांना ५ टक्के स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्यायचा अधिकारच नाही. बिलावर "कंपोझिशन" लिहिलंय आणि खाली जीएसटीही लावलाय असं दिसलं तर विचारा. मी विचारतो. बायको दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते.

केतकी_वसंतविहार
आणि सर्व्हिस चार्ज? मागच्या महिन्यात एका मॉलमधल्या हॉटेलात १० टक्के आधीच लावून आणला, काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणे "मॅडम मेन्यूत खाली लिहिलंय". इतक्या बारीक अक्षरात की मुंगीने वाचावं.

हिशोबनीस
ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. १९१५ वर फोन करून तक्रार होते. पण बाटलीबंद पाण्यावर भांडू नका, तिथे हराल. डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बसून खायच्या ठिकाणी एमआरपीपेक्षा जास्त लावता येतं.

सीवूडकर
म्हणून आम्ही साधं पाणी मागतो. वेटर असा बघतो जसं काही मी त्याच्या घरी उधार मागायला आलोय.

केतकी_वसंतविहार
सर्व्हिस चार्ज काढला आणि टिप हातात दिली. वेटर पोरगा म्हणाला मॅडम हीच बरी, सर्व्हिस चार्ज आमच्यापर्यंत येतो की नाही आम्हालाच माहीत नसतं.

पीजीतला_बल्लव
आता माझी बाजू. सगळे "घरी स्वस्त पडतं" म्हणताय ते कुटुंबाला पडतं. एकट्याला नाही हो. कोथिंबिरीची जुडी घेतली की चिमूटभर वापरून बाकीची फ्रीजमध्ये काळी. अर्धा किलो टोमॅटो घ्या, तिसरा दिवस येईपर्यंत दोन मऊ. पावभाजी करायला गेलो, भाज्या, बटर, मसाल्याचं पाकीट, पावाची लादी धरून हिशोब केला तर खाली गाडीवर दोन प्लेट आल्या असत्या. वर तीन दिवस तीच पावभाजी खाल्ली.
माझा तोडगा पोळीभाजी केंद्र. घणसोली-ऐरोलीत गल्लोगल्ली आहेत, काकू लोक चालवतात. पोळ्या तिथून, भाजी तिथून, वरणभात मी लावतो कारण तेवढं जमतं. हॉटेलही नाही आणि घरही नाही, मधलं काहीतरी.

मीराताई_वाशी
बल्लव, कोथिंबीर निवडून, कोरडी करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेव रे. धुऊन ठेवू नकोस. दहा दिवस हलत नाही.
बाकी वाशीकर म्हणून एक सांगते. एपीएमसीचं भाजी मार्केट आणि कांदा-बटाटा मार्केट इथे हाकेच्या अंतरावर आहे आणि आपण दारात गाडीवाल्याकडून दुप्पट भावाने घेतो. एकट्याने जायचं काम नाही, तिथे घाऊक माल असतो, अर्धा किलो मागितलात तर हसतील. आम्ही सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून कांद्याची गोणी आणि लसूण आणतो, मसाला मार्केटमधून वर्षाच्या मिरच्या-धणे. मात्र पहाटे जावं लागतं आणि ट्रकांच्या गर्दीत चिखल तुडवावा लागतो. माझे मिस्टर एकदा आले, परत कधी आले नाहीत.

शुभदा_नौपाडा
ठाण्यात त्यासाठी जांभळी नाका आहे. तिथे किलोवर मिळतं, गोणी नको. संध्याकाळी उशिरा गेलात तर पालेभाजी अजून खाली येते.

चेंदणीकर
कुणी माशांचं बोलेना म्हणून बोलतो. सुरमई थाळी आता पाचशे-सहाशेच्या घरात आहे आणि तुकडा बघा, आरपार उजेड दिसतो. पण घरी स्वस्त पडते असं मी म्हणणार नाही, चांगली सुरमई बाजारातच महाग आहे. फरक असा की घरी तुकडा मी सांगेन त्या जाडीचा कापला जातो, डोकं आणि शेपटीची आमटी वेगळी होते, म्हणजे एका माशात दोन जेवणं. हॉटेलात डोकं कुठे जातं देव जाणे.
आणि १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत हॉटेलात "ताजी सुरमई" बोर्ड बघितला की आम्ही कोळीवाड्यातले लोक नुसते एकमेकांकडे बघतो. त्या काळात घरी सुके बोंबील, सोडे, जवळा. सोड्याची खिचडी आता मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर पण आलीय, भाव वाचून आईला ऐकवला तर ती म्हणाली ही आमच्याकडे मासे नसले की करायचे.

सीवूडकर
चेंदणीकर, आम्ही बेलापूरला दिवाळे गावातून घेतो. सुरमईला पर्याय सुचवा ना, पोरांना काटे नकोत.

चेंदणीकर
मांदेली कुरकुरीत तळा, काट्यासकट खातील. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळा. नंतर सुरमई मागणार नाहीत, मग मांदेली महाग होतील आणि मला शिव्या घालाल.

आमटीभात
मघाशी भाजी चिरायला गेले होते, आले परत. क्रिसिल या रेटिंग कंपनीवाले दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च काढतात, "रोटी राइस रेट" नावाने. २०२५ च्या मध्याला शाकाहारी थाळी २७ रुपयांच्या आसपास होती, मांसाहारी पन्नाशीच्या वर. धान्य, डाळ, भाजी, तेल, मसाले, गॅस सगळं धरतात त्यात. करणारीची मजुरी धरत नाहीत. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी दोन वेळचे किती घेतात ते प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावं, महिन्याचे ताटांवर वाटावेत आणि २७ मध्ये मिळवावेत. मग पोळीभाजी केंद्राची काकू स्वस्त वाटायला लागते, आणि गल्ल्यावरचेही तितके लुटारू वाटत नाहीत. पक्याने हॉटेलच्या रोटीत भाडं-पगार सगळं मोजून घेतलं आणि घरच्या पोळीत फक्त कणीक मोजली, म्हणून ६० चा आकडा डोळ्यात खुपला.

मानपाड्याचा_पक्या
ताई, मुद्दा पोचला. पण एक सांगतो, घरी जे करतं ते माणूस पगारी नोकरी सोडून तर पोळ्या लाटत नाही ना. तो वेळ आपल्याच घरासाठी.

आमटीभात
मग तुम्ही लाटा. वेळ तुमचाही घरासाठीच आहे.

उगाचच
पॉपकॉर्न संपले, कुणीतरी दुसरा कुकर लावा.

मीराताई_वाशी
भांडू नका रे. आमच्याकडे शनिवार रात्र मिस्टर आणि मुलाची. डोशाचं पीठ मी नेरुळला एक तमिळ मामी घरून विकतात त्यांच्याकडून आणते, नेरुळात अशा बऱ्याच आहेत. चटणी मिक्सरला, बटाट्याची भाजी कुकरला, आणि बापलेक तव्यापाशी. पहिला डोसा फाटतो, तो जो बनवेल त्याने खायचा असा नियम आहे. हॉटेलात मसाला डोसा सव्वाशेच्या वर गेलाय, इथे चौघं पोटभर खातात. मुख्य म्हणजे मुलगा तव्यापाशी उभा असतो तेव्हा शाळेत काय झालं ते आपोआप बोलतो, हॉटेलात तो मोबाईल बघतो.

केतकी_वसंतविहार
अवांतर: वडापाव पण वाढला पण त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. ठाण्यात कुंजविहारचा तो भला मोठा वडापाव खाल्ला की एक जेवण टळतं, त्या हिशोबाने अजून परवडतो.

सीवूडकर
वडापाव घरी होत नाही. वडा होतो. वडापाव नाही.

शुभदा_नौपाडा
मिसळही नाही. मामलेदार मिसळवाल्याकडे बाकावर खेटून बसून नाकातून पाणी आल्याशिवाय ती मिसळच नाही. मी घरी मटकी मोड आणून, कट वेगळा काढून सगळं करून बघितलं, चव चांगलीच होते पण नवरा म्हणतो "छान उसळ झालीय".

गल्ल्यावरचा
अॅपवरून मागवणाऱ्यांना एक विनंती. अॅपवाले आमच्याकडून मोठं कमिशन घेतात, त्यात जाहिरात आणि डिस्काउंटचा वाटाही आमच्याच माथी. म्हणून तिथे तीच भाजी महाग टाकावी लागते. वर तुम्हाला डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी वेगळी. राहायला जवळ असाल तर फोन करा आणि पार्सल स्वतः घेऊन जा, बरीच हॉटेलं काही ना काही कमी करतात. डबा घरून आणलात तर मी रस्सा जास्त घालतो, प्लॅस्टिकचा डबाच आठ-दहा रुपयांना पडतो.

पीजीतला_बल्लव
हे सोनं आहे. शेठ, ऐरोलीहून कोपरखैरणे ट्रेनने तिसरं स्टेशन. स्टीलचा डबा घेऊन येतो.

हिशोबनीस
परतीचं तिकीट धरून हिशोब कर रे.

पीजीतला_बल्लव
पास आहे काका.

मानपाड्याचा_पक्या
सगळं वाचून बायकोबरोबर बसलो. असं ठरलं की जे घरी तितकंच चांगलं होतं ते बाहेर मागवायचंच नाही. म्हणजे पनीर बटर मसाला, जीरा राइस, पावभाजी, डोसा बाद. बाहेर फक्त तेच खायचं ज्याला भट्टी लागते किंवा जे दिवसभर उकळायला लागतं, तंदुरी, कबाब, मटणाचा रस्सा. मॉकटेल कायमचं बंद, त्यावर घरात सध्या आंदोलन चालू आहे. उलटा तवा मी धरणार आहे, लेखी घेतलंय माझ्याकडून. पहिल्या प्रयत्नाचा फोटो टाकत नाही, नकाशा झालाय.

शुभदा_नौपाडा
पाणी कमी पडलं असेल. चांगलं चोपडून लाव.

चेंदणीकर
मटणाचा रस्सा बाहेर?? घरी करून बघ एकदा, ही यादीच चुकलीय.

केतकी_वसंतविहार
बिर्याणी कुठल्या यादीत?

सीवूडकर
माझ्या.

मानपाड्याचा_पक्या
अजून एक अडचण. पुढच्या महिन्यात आईची पंच्याहत्तरी आहे, घरातलेच पंधरा-सोळा जण. ती म्हणते घरी करूया, मी म्हणतो त्या दिवशी तरी तू ओट्यापाशी नको. केटरर ताटाचे जे भाव सांगतायत ते ऐकून गप्प बसलो.

आमटीभात
घरी बोलवा आणि पोळीभाजी केंद्राला ऑर्डर द्या. पुरणपोळी, मसालेभात, बटाट्याची भाजी तिथून, कोशिंबीर तेवढी घरी करा. केंद्रातल्या बायका आनंदाने करतात, फक्त आठवडाभर आधी सांगा. आणि कोशिंबीर तुम्ही करा, आई नाही, वहिनीही नाही.

गल्ल्यावरचा
नाहीतर इकडे या. शनिवार सोडून मंगळवारी या, टेबलं जोडून देतो, भावातही बसवू काहीतरी. मंगळवारी मला माणसं दिसली तरी बरं वाटतं.

उगाचच
मंगळवारी अंगारकी निघाली तर?

गल्ल्यावरचा
साबुदाणा वडा आहे मेन्यूवर. दोन नग ९०. चटणीचे पैसे नाहीत.